भलरीतलं नाव

१

रविवारी सकाळी इरावतीबाई दुधाची पिशवी घेऊन वलवणच्या रस्त्याने परतत होत्या, तेव्हा त्यांना चोरीला गेलेला एक माणूस ऐकू आला. होय, ऐकूच आला. बाईंचा निम्मा जन्म पुण्यात रेडिओवर निवेदन करण्यात गेला होता. लोकांना माणसं चेहऱ्यावरून लक्षात राहतात, बाईंना आवाजावरून. भाजीवाला समोरून गेला तरी त्या ओळखायच्या नाहीत, पण त्याने "ताजी मेथी" म्हटलं की लगेच त्याच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी करायच्या.

धरणाच्या अलीकडे सहलीची एक बस उभी होती. पोरंपोरी भर रस्त्यात नाचत होती आणि बसच्या स्पीकरवर, छाती हादरवणाऱ्या ठेक्यावर, एक म्हातारा भलरी गात होता. भलरी म्हणजे भात कापताना, झोडताना म्हणायचं गाणं. एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी हात चालवता चालवता ती उचलायची. आवाज खरखरीत होता, पण ओळीच्या शेवटी असा काही वर चढायचा की ऐकणाऱ्याने श्वास रोखून धरावा.

बाई जागच्या जागी थांबल्या. हा आवाज भिमाजीआबांचा! नवलाख उंबरे गावचे भिमाजीआबा, सत्तरी ओलांडलेले, स्वतः रचून गाणारे. बाईंचा भाचा श्रीयश याने आपल्या स्टुडिओत त्यांच्या भलऱ्या नुकत्याच रेकॉर्ड केल्या होत्या. मुंबईच्या एका कंपनीशी बोलणी होऊन करार झाला होता, गुढीपाडव्याला गाणी बाहेर यायची होती आणि तोवर त्यातली एक ओळही कुणाच्या कानावर पडता कामा नव्हती. मग ही वरात कसली?

त्यांनी नाचणाऱ्या एका पोराला गाठलं. "अरे, हे गाणं कुणाचं?"

"काय आंटी, हे माहीत नाही? सगळ्या रील्सवर हेच आहे. डीजे पप्पू, सोमाटणे!"

"ते झालं. पण गातंय कोण?"

पोराने खांदे उडवले. "असेल कुणीतरी म्हातारा. गाणं भारी आहे ना पण!"

'आंटी' शब्दाचा राग गिळून बाईंनी त्याच्या मोबाईलमध्ये डोकावून पाहिलं. पप्पूचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, गॉगल लावलेला फोटो होता, मागे दोन वाघसुद्धा होते. भिमाजीआबांचं नाव कुठेही नव्हतं. बाईंना इतका संताप आला की दुधाची पिशवी हातातून सुटता सुटता राहिली.

घरी न जाता त्या तशाच श्रीयशच्या स्टुडिओकडे वळल्या. तो दारातल्या पायरीवर डोकं धरून बसला होता.

"कळलंय मला, आत्या," मान वर न करता तो म्हणाला. "आणि चोर कोण तेही कळलंय."

२

स्टुडिओ म्हणजे काय, तर बंगल्यामागची एक मोठी खोली. मधोमध काच, काचेच्या एका बाजूला गाणारा, दुसऱ्या बाजूला श्रीयश आणि त्याचा कॉम्प्युटर. माइकला पंख्याची घरघर ऐकू जाते म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद ठेवायचा, हा तिथला पहिला नियम. परदेशातल्या नातीसाठी बाई एकदा गोष्टी वाचायला बसल्या होत्या आणि हा शहाणा नेमका पंखाच बंद करायला विसरला. तेव्हा बाईंनी त्याला जे काही सुनावलं, ते आठवून तो नंतर कितीतरी दिवस हसत असे. आज मात्र त्याला हसू येत नव्हतं.

"संदेश," तो म्हणाला. "दुसरा कोण? कारखान्यात पेट्या उचलत होता, मी त्याला इथे आणला, कान तयार केला त्याचा. मागच्या आठवड्यात त्याने भलरी पेन ड्राइव्हवर घेतली. म्हणाला, आबांना घरी ऐकवतो. मी म्हटलं, ने. आणि लगेच ती पप्पूकडे! हे दोघं शाळेत एका बाकावर होते, माहीत आहे तुला?"

"एका बाकावर बसणं हा गुन्हा असता तर अर्धं मावळ आत गेलं असतं. कंपनी काय म्हणते?"

"काय म्हणणार? जे रस्त्यावर फुकट वाजतंय ते आम्ही विकायला कशाला ठेवू, म्हणाले. करार संपला." त्याचा आवाज चिरकला. "उद्या दुपारी पोलिसांत जातोय मी. संदेशचं नाव देतो."

बाईंना संदेशची काळजी वाटली. आबांच्याच गावच्या त्या पोराला स्टुडिओ सुटला तर उरतं काय? पुन्हा एमआयडीसीचं गेट. आणि गेटच्या आत घ्यायच्या आधी पोलिसांचा दाखला मागतात, या मुलावर काही नाही असा. एकदा तिथे चोर म्हणून नाव चढलं की संदेशला ना इकडचं दार उघडं, ना तिकडचं. तो पोरगा आपल्याला दर वेळी न सांगता बिनसाखरेचा चहा आणून देतो, हेही बाईंना नको तेव्हा आठवलं.

"अजून कुणाकडे प्रत होती?"

"प्रेरणाकडे, ती संगीत घालत होती ना. आणि तिचं काम झाल्यावर कंपनीकडे. तिघांनाही तीच एक प्रत दिली. बाकी गाणं या कॉम्प्युटरच्या बाहेर गेलेलं नाही. मी तर याला इंटरनेटसुद्धा जोडत नाही, कंपनीला काही पाठवायचं असलं तरच तेवढ्यापुरतं."

"का रे बाबा? आजकाल फ्रीजलासुद्धा इंटरनेट लागतं म्हणे."

"असंच. हळू चालतो मग." श्रीयशने उगाचच पडद्यावरची धूळ पुसली.

"उद्या दुपारपर्यंत थांब," बाई उठल्या. "तोवर कुणाचंही नाव तोंडातून काढायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

"आत्या, अगं पुरावा समोर आहे!"

"समोर आहे म्हणूनच मला तो आवडत नाही," बाई म्हणाल्या आणि गाडीच्या किल्ल्या शोधायला लागल्या.

३

प्रेरणा तळेगावात मुलांना हार्मोनियम शिकवते आणि बासरी स्वतःपुरती वाजवते. तिने दार उघडलं, बाईंकडे पाहिलं आणि हसली.

"माझ्यावर संशय घ्यायला आलात ना? घ्या की. आधी चहा घ्या, मग संशय घ्या."

"भांडण आहे तुझं श्रीयशशी?"

"आहे. कव्हरवर माझं नाव इतकं बारीक टाकतोय की मुंगीलाही चष्मा लागेल. पण म्हणून मी आबांचं गाणं विकीन?" तिने तिच्याकडची प्रत लावली. बासरी हळूच आली, मागून आबांचा आवाज. मध्येच एक कडवं ऐकून बाईंना हसू फुटलं.

काचंच्या पल्याड, संदेश माजा गुनी,
कानाला लावून वाट्या, डोळ्यांत आनतो पानी

"वाट्या म्हणजे हेडफोन!" प्रेरणाही हसली. मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "एक सांगू? श्रीयश वाईट नाही, पण त्याला सगळं लवकर आणि फुकट हवं असतं. त्याच्या कॉम्प्युटरवर दिवाळी कधी येतच नाही, पाहिलंत का?"

"म्हणजे काय ग?"

"तुम्हीच पाहा. मी सांगितलं तर चहाडी होईल."

बाईंना कोडी घालणारी माणसं आवडत नसत. ते काम आपलं, असं त्यांचं मत होतं. पण प्रेरणा पुढे काही बोलेना. तेव्हा त्यांनी गाडी नवलाख उंबऱ्याकडे घातली.

भिमाजीआबा ओट्यावर बसले होते. शेजारी संदेश, गुडघ्यांत हनुवटी घालून. बाईंना पाहून तो उठून उभा राहिला, पण त्याने नेहमीसारखं हसून 'या मावशी' म्हटलं नाही.

"बसा बाई," आबा म्हणाले. "आमचं गानं लय लांब गेलं म्हनं. काल देवळापाशी पोरं म्हनली, आबा, तुमी पप्प्याचं गानं लय झ्याक म्हनता!" ते हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत काही गेलं नाही. "आवाज माजा हाय, बाई. पर म्या कुटं हाय त्यात?"

बाईंनी विषय बदलला. "आबा, ते संदेशचं कडवं फार गोड आहे हो. आधीपासून होतं गाण्यात?"

"छ्या! आधीपासून कसं आसंल? भलरीत नाव घ्यावंच लागतं. ज्याच्या शेतात हात चालतोय त्याचं, जो म्होरं उबा हाय त्याचं. नाव ऐकलं की मानूस चेकाळतो, इळा बिगी बिगी फिरतो. आन दरवेळी ताजं नाव. शिळं चालत न्हाई."

"आणि स्टुडिओत?"

"तितं कुटलं शेत? मग काचंच्या पल्याड जो दिसंल त्याचं घेतलं. जो म्होरं न्हाई त्याचं नाव मातुर घ्यायचं न्हाई, ही आमची रीत. माज्या बापानं बी कदी मोडली न्हाई."

बाईंनी मान डोलावली आणि संदेशकडे वळल्या. "तू पेन ड्राइव्हवर गाणं नेलंस?"

"नेलं. दादाला इचारून नेलं. आबांस्नी ऐकिवलं आन त्यो पेन ड्राइव्ह तवापासनं आबांच्या उशाला हाय. पप्प्याला म्या काय दिलेलं न्हाई."

"मग दिलं कुणी? तुला काही माहीत आहे का?"

संदेशने नजर अंगणाकडे वळवली. "दादाचं मीठ खाल्लंय म्या. मला काय इचारता मावशी? मशीनला इचारा."

एवढं बोलून तो तरातरा घरात निघून गेला. बाईंना वाटलं, पोरगा रागावला. रागावणारच, त्याच्या जागी त्या असत्या तर त्यांनी श्रीयशच्या खिडक्या फोडल्या असत्या.

४

सोमाटणे फाट्याच्या आत एका पत्र्याच्या शेडमध्ये पप्पूचं साम्राज्य होतं. माणसाएवढे स्पीकर, रंगीत दिवे, आणि मध्ये फिरत्या खुर्चीवर स्वतः पप्पू. बाईंना वाटलं होतं, उडवाउडवी करेल. छे! त्याने खुर्ची पुसून दिली आणि थंड मागवलं.

"चोरी? मॅडम, मी कशाला चोरी करू? हे गाणं मला फुकट भेटलं. मोबाईलवर एक ग्रुप आहे, तितं सगळं भेटतं. गाणी, सॉफ्टवेअर, पिच्चर. त्यात आवाजांचं एक बंडल आलं. म्हाताऱ्याचा आवाज ऐकला, काटा आला अंगावर. मी खाली बीट लावला, सोडून दिलं."

"कुणाचा आवाज आहे, विचारावंसं नाही वाटलं?"

"ग्रुपवर कोण कुनाला इचारतो? तितं नावं नसतात."

"संदेशने दिलं नाही तुला?"

"संद्या?" पप्पू खरोखर चकित झाला. "त्यो शाळेत मला गणित पण दाखवायचा न्हाई!"

बाई त्याच्या आवाजाकडे कान लावून होत्या. खोटं बोलताना माणूस शब्दाच्या शेवटी जरा घाई करतो. पप्पू घाई करत नव्हता. तो चोर होता की नाही हे ठरवणं कठीण होतं, पण खोटारडा नव्हता.

"गाण्यात एक नावाचं कडवं होतं. ते कुठे गेलं?"

"कट केलं. नावावर कोण नाचतंय, मॅडम?"

बाईंना हे वाक्य चांगलंच लागलं. त्या म्हणाल्या, "कापलेलं मला ऐकव. मूळ, तुझ्या ठेक्याशिवाय."

पप्पूने पेन ड्राइव्ह लावला. शेडमध्ये आबांचा आवाज भरून राहिला, एकटा, साथीशिवाय. बाई 'संदेश माजा गुनी'ची वाट पाहत होत्या. ते आलंच नाही.

काचंच्या पल्याड, शिरीदादा एकला,
बिगी हात हालीव, भिमाजी आता थकला

"पुन्हा लाव."

पप्पूने पुन्हा लावलं. शिरीदादा एकला. बाई कपाळाला हात लावून बसल्या. शिरीदादा म्हणजे श्रीयश. आणि एकला.

"त्या बंडलात अजून काय काय आहे?"

"लय कचरा आहे. मिठाईच्या दुकानाची जाहिरात, कुठल्या तरी शाळेचं गाणं... आन ही एक म्हातारी आहे, ही लय भारी आहे मॅडम. हिला पण बीट लावनार आहे मी." त्याने बटण दाबलं.

आधी पंख्याची घरघर आली. मग एक खणखणीत, शुद्ध, संतापलेला आवाज शेडच्या पत्र्यावर आदळला: "श्रीयश! पंखा! अरे पंखा बंद कर ना, मेल्या! मी इथे राक्षसाचा आवाज काढतेय आणि मागे तुझं विमान उडतंय!"

पप्पू पोट धरून हसायला लागला. मग बाईंचा चेहरा पाहून हळूहळू थांबला.

"ती म्हातारी मी आहे," इरावतीबाई म्हणाल्या.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओत चौघं जमली. बाईंच्या सांगण्यावरून भिमाजीआबा आले होते. संदेश त्यांना घेऊन आला होता, पण उंबऱ्यातच उभा राहिला. श्रीयशने बाहेर जायचे कपडे घातले होते. तक्रारीचा कागद खिशात होता.

"बस," बाई त्याला म्हणाल्या. "पोलिसांत जायचं तर नीट माहिती घेऊन जा. आबा, काचंपल्याड शिरीदादा एकला, हे तुम्ही कधी गायलात?"

"पैल्या दिशी. संदेशच्या आईला बरं नव्हतं, त्यो आलाच न्हवता. शिरीदादा एकलाच हुता. म्हनलं, बिचारा एकला बसलाय, त्याचं तरी नाव घ्यावं." आबा आठवून म्हणाले. "पर ते दादानं ठेवलं न्हाई. म्हनला, परत गाऊ."

"पुन्हा गायलात तेव्हा संदेश होता, म्हणून त्याचं नाव आलं. संदेशने नेली, प्रेरणाला दिली, कंपनीला पाठवली, ती हीच, संदेशच्या नावाची. आणि पप्पूकडे जी आहे ती पहिली. शिरीदादाची. ती या कॉम्प्युटरमध्ये नुसती पडून होती, कुणालाच दिली नव्हती, आणि संदेशने तर ती कानांनी ऐकलीही नव्हती. पप्पूने कडवं कापलं म्हणून रस्त्यावर ते कुणाला कळलं नाही, इतकंच. कागद फाड आता."

श्रीयशने खिशावर हात ठेवला. कागद मात्र त्याने फाडला नाही.

"पुढचं ऐक. पप्पूच्या बंडलात मी आहे. पंख्यावरून तुझ्यावर ओरडणारी मी. ते तर तू गंमत म्हणून ठेवलं होतंस, हो ना? मिठाईची जाहिरात आहे, शाळेचं गाणं आहे, सगळी तू इथे केलेली कामं. म्हणजे एक गाणं कुणी खिशात घालून नेलं नाही. हा कॉम्प्युटर आख्खाच्या आख्खा बाहेर ओतला गेलाय. मी विचार केला, कुणी ओतला? खोलीला कुलूप, इंटरनेट बंद, किल्ली तुझ्याकडे. मग मला प्रेरणाची दिवाळी आठवली."

बाईंनी कॉम्प्युटर चालू केला आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "बाहेर संक्रांत झाली. हा मात्र म्हणतोय, दोन वर्षांपूर्वीचा दसरा अजून चालू आहे. घड्याळ बिघडलंय, की तूच मागे नेऊन ठेवलंयस?"

काचेच्या पलीकडचा माइक आणि अलीकडची चार माणसं, सगळीच कान देऊन असल्यासारखी.

"सॉफ्टवेअर महाग असतं, आत्या," श्रीयश शेवटी म्हणाला. "काही दिवस वापरायला फुकट देतात, मग बंद पडतं. एका ग्रुपवर कुलूप फोडलेलं मिळालं. सोबत सूचना होत्या: तारीख मागे ठेवा, अँटीव्हायरस काढून टाका, इंटरनेट लावू नका. सगळेच वापरतात ग. मी म्हटलं, एकदा चार कामं मिळाली की विकत घेईन."

"आणि कंपनीला गाणी पाठवायला इंटरनेट लावलंस."

"तेवढंच. तेवढ्यापुरतं."

"फोडून देणारा धर्मादाय करत नव्हता रे. त्याने त्यात स्वतःचा माणूस बसवून ठेवला होता. तू राखणदाराला हाकललंस, दार उघडलंस, आणि त्याने घर धुऊन नेलं. तेच पुन्हा तसल्याच ग्रुपवर, फुकटात, नावाशिवाय."

भिमाजीआबा सगळं नीट समजून घेत होते. त्यांनी विचारलं, "म्हंजी चोरीच्या दारातनं चोर आत आला व्हय?"

"ते दार मीच बसवलं होतं, आबा," श्रीयश म्हणाला.

"मशीनला इचारा, असं तू मला म्हणालास," बाई संदेशकडे वळल्या. "मला वाटलं, रागाने म्हणालास. तू तर खरंच सांगत होतास."

संदेशने पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्या दोनदा म्हनलं हुतं दादाला, ह्ये काडून टाका. तर दादा म्हनला, तू पेट्या उचलायचास, मला शिकवू नको. मग म्या गप बसलो. दुसऱ्याला सांगितलं आस्तं तर चुगली झाली आस्ती."

श्रीयशने तोंड दोन्ही हातांत घेतलं. इथे बाईंनी थांबायला हवं होतं. कोडं सुटलं होतं, पोरगा वाचला होता. पण एक प्रश्न त्यांना रात्रभर छळत होता आणि तो विचारल्याशिवाय त्यांना घरी जाता येणार नव्हतं. तो प्रश्न भाच्याला विचारायचा म्हणून त्यांना फार वाईट वाटत होतं.

"श्रीयश, गाणं पहिल्यांदा रस्त्यावर ऐकलंस तेव्हा तुझ्या मनात हे आलं नव्हतं?"

श्रीयशने तोंडावरचे हात काढले.

"आलं होतं," तो म्हणाला. "सगळ्यात आधी हेच आलं होतं. पण मग सगळा दोष माझ्यावर आला असता. आणि संदेश... संदेश समोर होता."

संदेश आत आला. टेबलावर त्याचे हेडफोन पडले होते. ते त्याने उचलले, त्यांची वायर नीट गुंडाळली आणि खुंटीला अडकवून ठेवले.

"चला आबा," तो म्हणाला. "उनं उतरायच्या आत घरी जाऊ."

६

श्रीयशने पोलिसांत जायचा कागद फाडला. कंपनीला त्याने काय घडलं ते खरं लिहून कळवलं. त्यांनी आभार मानले आणि पुन्हा फोन केला नाही. मिठाईवाल्याकडे आणि शाळेत तो स्वतः जाऊन माफी मागून आला. पप्पूने बाईंच्या धाकाने आपल्या गाण्याखाली भिमाजीआबांचं नाव टाकलं, पण तोवर ते गाणं हजार हातांतून पुढे गेलं होतं आणि त्या हजारांनी काही नाव टाकलं नव्हतं. वाऱ्यावर उडालेला भुसा कुणी गोळा करावा? वलवणला बसगाड्या येत राहिल्या, पोरं नाचत राहिली. एखाद्या दिवशी आपण पंख्यावर ओरडतोय आणि लोक नाचताहेत असं ऐकायला मिळेल, या भीतीने बाई दुधाला दुसऱ्या रस्त्याने जायला लागल्या.

संदेश स्टुडिओत परत आला नाही. श्रीयश दोनदा त्याच्या घरी जाऊन आला. संदेशच्या आईने पाणी दिलं, चहा दिला, पण पोरगा कामावर गेलाय एवढंच सांगितलं. तो एमआयडीसीत लागला होता. पोलिसांचा दाखला साफ मिळाला होता.

आणि मग एके दिवशी भिमाजीआबा आपणहून आले.

"गानं माजं हाय," ते म्हणाले. "पप्प्याकडं हाय ते अर्दं हाय. पुरतं करून ठिवूया. इकायचं आसंल तर इका, न्हाईतर ठिवा तसंच."

श्रीयशच्या कॉम्प्युटरवर आता आजची तारीख होती. सॉफ्टवेअर साधं होतं, कमी करामती करणारं, पण रीतसर घेतलेलं. बाई त्याच्या शेजारी बसल्या. तिसरी खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावरच्या खुंटीला ते हेडफोन तसेच लटकत होते. श्रीयशने आठवणीने पंखा बंद केला.

आबा गायला लागले. आवाज पूर्वीपेक्षा थोडा थकलेला होता, पण ओळीच्या शेवटी तसाच वर चढत होता. नावाचं कडवं जवळ आलं तसा श्रीयश ताठ झाला. बाईंना त्याच्याकडे न पाहताही ते कळलं, त्याचा श्वास ऐकू येत होता. काचेपलीकडे तो होता, बाई होत्या. दोघांतलं कुणाचं तरी नाव यायलाच हवं. आबांनी काचेतून त्याच्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर पुढे सरकून रिकाम्या खुर्चीवर थांबली.

काचंच्या पल्याड, खुर्ची रिकामी दिसं,
संदेश पोराचं नाव, इसरून चालंल कसं

श्रीयशने मान खाली घातली. त्याचं बोट रेकॉर्डिंग थांबवायच्या बटणाजवळ गेलं होतं.

"आत्या," तो अगदी हळू म्हणाला, "जो समोर नाही त्याचं नाव घ्यायचं नाही, अशी रीत आहे ना? आबांनी मोडली."

"मोडू दे," इरावतीबाई म्हणाल्या. "तू फक्त कापू नकोस."

श्रीयशने हात मागे घेतला. आबा पुढचं कडवं गायला लागले आणि श्रीयशचं नाव शेवटपर्यंत आलं नाही.